अज्ञात वाहन

लॅबमध्ये तिला सगळे अलगदताई म्हणत. शहरभरच्या दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या गोळा करायच्या आणि दुपारच्या आत लॅबमध्ये पोचवायच्या, हे तिचं काम. नळ्यांचे स्टँड मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेले असत, आणि गाडी अशी चालवायची की नळीला नळी लागून आवाज होता कामा नये, हा तिचा तिनेच घालून घेतलेला नियम. चौदा वर्षांत एक नळी फुटली नव्हती की गाडीला ओरखडा आला नव्हता. विमा कंपनी दर वर्षी नो क्लेम बोनसचं पत्र पाठवायची आणि ही बाई ते प्रगतिपुस्तकासारखं फाइलमध्ये लावून ठेवायची. नवऱ्याला याचं हसू यायचं.

लेक अठरा वर्षांची झाली की तिला गाडी आपणच शिकवायची, हे तिने लेक चौथीत असल्यापासून ठरवलं होतं. कशी, तेही ठरलं होतं. वीस रिकाम्या नळ्या पाण्याने भरायच्या, मागे ठेवायच्या आणि लेकीने त्या न वाजवता बाजारापर्यंत एक फेरी मारून यायचं. सुट्टीत ती लेकीला कामावर सोबत न्यायची तेव्हा लेक मागे नळ्यांशेजारी कान टवकारून बसायची आणि मध्येच म्हणायची, "आई, एक वाजली." मग दोघी खुदुखुदु हसायच्या. त्या अठराव्या वाढदिवसाची लेकीपेक्षा आईलाच घाई झाली होती.

वाढदिवसाला वर्षभर अवकाश असताना एका रविवारी नणंदेच्या नव्या घरी जेवायला जायचं निघालं. धाकट्या दिराला रस्ता माहीत नव्हता, म्हणून त्याने आपली गाडी हिच्या मागे लावली. त्याच्या शेजारी सासूबाई, हिच्या गाडीत नवरा आणि लेक. सिग्नल लाल झाला, ही थांबली. पुरती थांबली, हँडब्रेकसुद्धा ओढला. चार-पाच सेकंद गेले आणि मागून दाणकन गाडी आदळली. दीर मोबाइलवर कुणालातरी उत्तर देत होता. बंपर, डिकी, मागचे दिवे, सगळ्याचा चुराडा झाला. लेकीच्या मानेला पंधरा दिवस पट्टा होता.

दीर गाडीतून उतरला तो हात जोडूनच.

"वहिनी, माझं नाव घालू नका. माझे आधीच दोन क्लेम झालेत. तिसरा झाला तर कंपनी मला हाकलून देईल. तुमचं रेकॉर्ड एकदम स्वच्छ. तुम्हाला एका क्लेमने काय होतंय?"

"पण मी उभी होते."

"उभ्याच होतात की. म्हणून तर तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही."

सासूबाई कपाळ चोळत म्हणाल्या, "घरातलं घरात राहू दे गं. त्याच्यामागे काय कमी व्याप आहेत?" तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो बुटाच्या टोकाने काचा गोळा करत होता. बोलायची वेळ आली की या माणसाला नेमकं काहीतरी काम सापडतं.

तेव्हा तिने फॉर्मवर लिहून दिलं, उभ्या गाडीला अज्ञात वाहनाने मागून धडक दिली व ते वाहन निघून गेले. चौदा वर्षं आरशात बघून गाडी चालवणाऱ्या बाईला मागचं वाहन कुणाचं ते कळलं नाही. चुकली ती इथेच. चांगुलपणाच्या भरात चुकलं म्हणून विमा कंपनी कुणाला सूट देत नाही. दीर मात्र नामानिराळा राहिला.

आठ महिन्यांनी पॉलिसीचं नवं पत्र आलं. बोनस शून्य आणि हप्ता जवळजवळ दुप्पट. लेकीचं नाव चालक म्हणून घालायचं तर त्यावर आणखी तेवढंच ओझं. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ती कंपनीच्या ऑफिसात गेली.

"चूक माझी नव्हती," ती काउंटरवरच्या कारकुनाला म्हणाली. "तुमच्याच कागदावर लिहिलंय."

"तुमची नाहीच, मॅडम. पण समोरच्याचा नंबर दिला असता तर आम्ही त्याच्या कंपनीकडून वसूल केलं असतं आणि तुमचा बोनस राहिला असता. आता वसूल कुणाकडून करायचं? म्हणून क्लेम तुमच्या नावावर."

"आणि आता नंबर आठवला तर?"

कारकुनाने पहिल्यांदाच स्क्रीनवरून नजर काढली. माणूस वाईट नव्हता. "मग आधीचं खोटं ठरेल," तो आवाज उतरवून म्हणाला. "क्लेमचे पैसे परत, पॉलिसी रद्द. पुढे कोणतीच कंपनी तुम्हाला घेणार नाही. आठवू नका, मॅडम."

पॉलिसीवाचून लॅबने गाडी चालवू दिली नसती. तिने काही आठवलं नाही.

रात्री जेवताना तिने हप्त्याचं सांगितलं. नवरा म्हणाला, "मग पोरीचं नाव तुझ्या गाडीवर नको घालायला."

"धाकट्याच्या पॉलिसीत घालू," सासूबाई म्हणाल्या. "त्याला स्वस्त पडतंय. यंदा त्याचा एकही क्लेम नाही."

"कसा असेल, आई?" तिने सासूबाईंना विचारलं.

सासूबाईंनी पाणी ओतून घेतलं. "आणि खरं सांगू? त्या अपघातापासून गाडी चालवताना तू फार बिचकतेस. पोरीला शिकवायला निवांत माणूस हवा. काका शिकवेल."

त्या दिवशी दिराच्या शेजारच्या सीटवर बसून ज्यांनी सगळं पाहिलं, त्या सासूबाई हे बोलल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. आठ महिन्यांत खोटं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. आता त्यांना ते खरंच वाटत असावं. तिने लेकीकडे पाहिलं. मानेला पट्टा बांधून घेतलेली लेक तरी बोलेल, असं तिला वाटलं होतं.

लेक ताटातच बघत राहिली. "आई, काकाची गाडी सोपी आहे. गिअर बदलायला लागत नाही."

बाकीच्यांचं तिने गिळलं होतं. हे गिळता आलं नाही. ती उठली, ताट घासलं, पुसलं आणि पुन्हा घासलं. पाण्याने भरलेल्या वीस नळ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत तयार होत्या. त्या तिने एकेक करून मोरीत ओतल्या.

लेकीचा वाढदिवस होऊन महिना झाला असेल. ती त्याच सिग्नलला थांबली होती. मागे तीन दवाखान्यांच्या नळ्या होत्या. आरशात दिराची गाडी दिसली. स्टिअरिंगवर लेक, आणि शेजारी दीर, मान खाली, हातात मोबाइल. गाडी वेगात येत होती. हिच्या पुढे गाडी, बाजूला गाडी, हलायला जागा नव्हती. तिने हँडब्रेक ओढला, पाठ सीटला दाबली आणि वाट पाहिली.

गाडी वीतभर अंतरावर कचकन थांबली. लेकीने आईची गाडी ओळखली आणि हसून हात हलवला. दिराने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

दिवा हिरवा झाला. ती आरशातच बघत राहिली. मागून हॉर्न वाजला, मग दुसऱ्यांदा, लांबलचक. लेकीने वाजवला, अगदी काका वाजवतो तसा.

तिने हँडब्रेक खाली केला आणि क्लच सोडला तो झटक्यानेच. मागच्या सीटवर नळीवर नळी वाजली. एक नव्हे, सगळ्या. सांगायला मागे कोणी बसलेलं नव्हतं.