पांढऱ्या पाठीचं पान

माझे पप्पा, क्रिस्टोफर रोझारियो, एक्याऐंशी वर्षांचे आहेत आणि गेली पस्तीस वर्षं एका माणसावर रागावलेले आहेत. तो माणूस त्यांनी कधी पाहिलेला नाही. त्यानं त्यांना फक्त एक पत्र लिहिलं होतं, तेही चार ओळींचं.

प्रकरण एका झुडपाचं. पप्पा तेव्हा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. दोडामार्गच्या वर, घाटाच्या अंगाला असलेल्या एका वाडीच्या देवराईत त्यांना पुरुषभर उंचीचं, जांभळ्या तुऱ्यांचं झुडूप दिसलं. सूर्यफुलाच्या कुळातलं. या कुळाची गंमत मी शाळेत मुलांना दरवर्षी सांगते: ज्याला आपण एक फूल म्हणतो ती खरं तर अख्खी वाडी असते, ढीगभर फुलं एका ताटलीत दाटीवाटीनं बसलेली. रस्त्याकडेची सहदेवी याच गोतातली, आणि तिच्या थोरल्या बहिणी शोभतील अशी झुडपं घाटात हवी तेवढी आहेत. पण पप्पांच्या झुडपाचं पान निराळं होतं. वरून हिरवं, पाठीवर मात्र पांढरी लव, इतकी दाट की नखानं खरवडली तर कापसासारखी निघावी. असं पान या झुडपांत कुणी नोंदवलं नव्हतं. म्हणजे जात नवी.

पप्पांनी फुलं-पानं वर्तमानपत्रात दाबून वाळवली, जाड कागदावर चिकटवली आणि एका मोठ्या वनस्पतिसंग्रहाकडे पाठवली. तिथल्या एका माणसाचं चार ओळींचं उत्तर आलं, की फुलं नेहमीच्याच झुडपाची आहेत, पानं दुसऱ्या कशाची तरी आहेत, आणि ती एका कागदावर कशी आली हे पाठवणाऱ्यानं स्वतःलाच विचारावं.

कागदावर फांदी नव्हती हे खरं. त्याला कारण होतं. त्या रायीत काही तोडायचं नाही. चुलीसाठी काटकीसुद्धा नाही. खाली पडलेलं असेल ते उचलायचं, तेही देवाला सांगून. पप्पांनी रायीची राखण करणाऱ्या गंगाराम गावकरांना तसा शब्द दिला आणि पाळला. सगळा नमुना त्यांनी जमिनीवरून वेचलेला. आणि शब्द पाळला म्हणून आपण खोटे ठरलो, हे त्यांचं पालुपद. मी शाळेत होते तेव्हापासून ते ऐकत आले आहे. त्या न पाहिलेल्या माणसाला आमच्या घरात सगळ्यांनी शिव्या घातल्या आहेत, त्यात मीही आले.

या डिसेंबरात पप्पांना एक मेल आली. उर्वशी नावाची एक तरुण संशोधक या झुडपांच्या जातींची नव्यानं मांडणी करते आहे. संग्रहात तिला पप्पांचा तो जुना कागद सापडला. तिनं लिहिलं होतं की तोडायचं काही कारण नाही, पान फांदीवर असतानाचा एक स्वच्छ फोटो पाठवा. तेवढ्यावर ती ही जात नवी म्हणून मांडेल आणि नावात ‘रोझारियो’ घालेल.

पप्पांनी ती मेल माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. त्यांचे गुडघे कधीच गेलेत, तेव्हा रायीत जायचं ते मीच. मला वाटलं होतं, ते मला त्याच दिवशी एसटीत बसवतील. ते उलटंच बोलायला लागले. एवढ्या लांब कशाला, नाताळची तयारी आहे, फोटोशिवायही छापता येईल. मी म्हटलं, म्हातारपणी नवरीसारखं लाजू नका. मी पन्नाशीची बाई, कुणी नको म्हटलं की मला जास्तच जावंसं वाटतं.

गंगाराम आता नाहीत. त्यांच्या बायकोनं, नर्मदाबाईंनी, मला रायीत नेलं. त्यांनी पान-सुपारी ठेवून देवाला माझ्या वतीनं गाऱ्हाणं घातलं, की ही रोझारियो मास्तरांची मुलगी, काय बघायचं ते बघू दे आणि सुखरूप घरी जाऊ दे. गाऱ्हाण्याला साथ देत ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला दुसरं कुणी नव्हतं. मग मीच मोठ्यानं म्हटलं. फादरांना सांगायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही.

झुडूप ऐन फुलांवर होतं. मी मोबाईल काढला आणि पहिलं पान उलटलं. हिरवं. दुसरं, हिरवं. कोवळी बघितली, जून बघितली, खालच्या फांद्यांची गुडघे टेकून बघितली. एकाही पानाची पाठ पांढरी नव्हती. पांढऱ्या पाठीची पानं होती, पण पाचोळ्यात, झुडपाच्या बुडाशी. मग मी वर पाहिलं. शेजारच्या जुन्या झाडावर मनगटाएवढी जाड वेल चढत गेली होती, पार शेंड्यापर्यंत, आणि वारा आला की तिची पानं वर पांढरी चमकत होती.

चार ओळींचं पत्र बरोबर होतं. एका कागदावर दोन झाडं होती.

आधी मला आनंदच झाला. पप्पा लबाड नव्हते. पडलेलंच उचलायचं म्हटल्यावर वेलीचं पान झुडपाच्या फुलांत मिसळणारच, शहाण्याचीही फसगत व्हावी अशीच ती जागा. घरी जाऊन हे कसं सांगायचं ते मी मनात जुळवायलाही लागले. आणि मग माझं माझ्याच हाताकडे लक्ष गेलं. मी फांदीवरचं पान दोन बोटांत धरून उभी होते. तोडलं नव्हतं, नुसतं उलटलं होतं. छातीच्या उंचीवर. त्याला ना शिडी लागत होती ना कॅमेरा.

मी नर्मदाबाईंना विचारलं, की पप्पांनी त्या वेळी झाडाला हात तरी लावला होता का.

“तोडूक नाय,” त्या म्हणाल्या. “पण बघल्यान. एकेक पान उलटून बघल्यान, सकाळधरना सांजपर्यंत. आमचे हे म्हणाले, मास्तराचा काय हरावला?”

मी तिथंच एका जांभ्या दगडावर बसले. राग आला, आणि कुणाचा येतोय तेही नीट कळेना. मग मी जे केलं ते सांगते, खोटं कशाला बोलू. पाचोळ्यातलं त्यातल्या त्यात ताजं पांढरं पान उचललं, झुडपाच्या फांदीच्या बेचक्यात देठ खोचला आणि फोटो काढला. फोटो फार सुरेख आला. जांभळा तुरा, खाली पांढरी पाठ. कुणाच्या बापाला शंका आली नसती. नर्मदाबाई बघत होत्या.

घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. पप्पा पडवीत वाटच बघत होते. मी मोबाईल त्यांच्या हातात दिला. आधी हिरव्या पानांचे फोटो, शेवटी तो एक. हिरव्यांवरून त्यांनी बोट भराभर पुढे सरकवलं, जणू ते पाठ होते. शेवटच्यावर थांबले. भिंग आणायला सांगितलं. मोबाईलवर फोटो मोठा करता येतो हे त्यांना ठाऊक आहे, तरी भिंगच लावलं.

बराच वेळ त्यांनी पाहिलं. ते ‘शाब्बास’ म्हणतील अशी मला भीती वाटत होती. म्हणाले असते, तर मी तो फोटो पाठवलाही असता.

“ह्यो पुसून टाक,” ते म्हणाले.

मी म्हटलं, नावात ‘रोझारियो’ येणार होतं.

“ह्या मी एकदा केलंय, गो. तू करू नको.”

मग ते सगळं बोलले. फांदीवरचं पान हिरवं आहे हे दिसत होतं. पहिल्या तासातच दिसलं होतं. पण पांढरं पान हातात आल्यावर नव्या जातीचं वर्णन डोक्यात लिहून झालं होतं, आणि फांदीवरची हिरवी पानं रोगट असतील, कोवळी असतील, असं ते दिवसभर स्वतःला समजावत राहिले. ज्याची पाठ पांढरी निघेल असं एक तरी पान ते शोधत होते. त्या माणसाचा राग आला, कारण त्यानं जे विचारायला सांगितलं होतं, ते त्यांनी स्वतःला आधीच विचारलेलं होतं.

ऐकताना मला त्यांची कीव आली नाही. चीड आली, आणि चिडूनही मी त्यांचा हात सोडला नाही.

मी फोटो पुसला. उर्वशीला उत्तर त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं, की फुलं नेहमीच्या झुडपाची, पानं शेजारच्या वेलीची, आणि ही चूक वेचताना झालेली नाही, चिकटवताना झालेली आहे. खाली पूर्ण नाव घालायला लावलं. पाठवायच्या आधी मी विचारलं, की मग ती वेल कसली, तेही लिहू या का.

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षांत त्या पानाबद्दल त्यांना उत्तर येत नाही असं कधी झालं नव्हतं.

“ता माका म्हायत नाय,” ते म्हणाले. “तसाच लिव.”