वायरीचं दुसरं टोक

हॉस्टेलमध्ये मी ‘विद्यार्थी संगणक साहाय्य समन्वयक’ होतो. पद लांबलचक होतं, काम मात्र दारं ठोठावून “बंद करून परत चालू केलंस का?” असं विचारण्याचं. ज्यांनी केलेलं नसायचं तेही हो म्हणायचे.

त्या नोव्हेंबरात, ऐन नावनोंदणीच्या सकाळी, सगळ्या इमारतीचं इंटरनेट गेलं. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि लायब्ररीतल्या संगणकांपुढची रांग जिन्यापर्यंत आलेली. पुढच्या सत्राची नोंदणी दुपारी बाराला उघडणार होती.

मेरन हॉस्टॅड शेवटच्या वर्षाला होती. भूगर्भशास्त्राचं प्रात्यक्षिक ती पहिल्या वर्षापासून पुढे ढकलत आली होती. आता तिथे जागा मिळाली नाही, तर पदवी वर्षभर लांबणार. जागा मोजक्या, आणि दगडांची अचानक आवड निर्माण झालेले लोक फार.

“हे बघ,” ती म्हणाली, “कारणं सांगू नकोस. इंटरनेट दे.”

“बंद करून परत...”

“पुढे बोललास तर तुलाच बंद करीन.”

मी तळघरात उतरलो, मेरन मागोमाग. इमारतीतल्या सगळ्या वायरी तिथल्या एका पेटीत येऊन मिळायच्या. पेटीवरचे हिरवे दिवे एरवी आपापल्या सवडीने लुकलुकत. आज सगळे एका तालात फडफडत होते. म्हणजे कुठेतरी एक वायर फिरून स्वतःलाच येऊन मिळाली होती. तोच तो निरोप गोल गोल फिरत होता आणि बाकी कुणाला बोलू देत नव्हता. आमच्या विद्यार्थी परिषदेच्या बैठकीतही असंच व्हायचं, फक्त तिथे दिवे नव्हते.

मी एकेक वायर उपटत गेलो. तिसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीची उपटली आणि दिवे शांत झाले. बाकीच्या वायरी परत खोचेपर्यंत मेरन जिना चढून आपल्या खोलीत पोचलीही होती.

मी बैठकीच्या खोलीत गेलो. भिंतीत इंटरनेटची दोन भोकं, आणि एकाच वायरीची दोन्ही टोकं त्या दोन भोकांत. शेजारी आमच्या मजल्याचा प्रमुख कर्टिस दुपारच्या सुरक्षा तपासणीसाठी खुर्च्या सरळ करत होता.

“हे कुणी लावलं?”

“मी. एक टोक लोळत होतं जमिनीवर. मोकळी वायर दिसायला नको, असा नियम आहे. कुणी अडखळून पडलं असतं.”

“सगळी इमारत पडली, कर्टिस.”

“पण अडखळून नाही,” तो म्हणाला.

मी एक टोक उपसून काढलं. बारा वाजून गेले होते. दारात मेरन उभी राहिली.

“मिळाली. शेवटची होती.” एवढं बोलून ती भिंतीला टेकून खालीच बसली. सकाळपासून अडकलेला माझा श्वास मोकळा झाला.

कर्टिस मात्र ते टोक हातात धरून उभा होता. “मग आता हे कुठे खोचू?”

“कुठेच नाही.”

“अरे, पण तपासणीला येतील ना ते.”

मेरनने वायर त्याच्या हातून घेतली, भिंतीतलं दुसरं टोकही उपसलं, तिची गुंडाळी केली आणि तिच्यावर बसली.

“दिसतेय आता?”

कर्टिसने वाकून दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं. “नाही,” तो म्हणाला, आणि त्याचाही जीव भांड्यात पडला.