काळी रेती

सकाळपासून प्रमिलाबाईंनी नाक मुरडलं होतं ते काही सरळ व्हायला तयार नव्हतं. एक तर पाचोऱ्याहून निघालेली ही हौशी माणसं बस सुटायच्या आधीच केळीचे वेफर्स चघळायला लागली होती. वरून ओसाड दगडखाणीत उतरल्यावर ज्या हातांनी चिखलातल्या गारगोट्या उकरल्या, त्याच हातांनी शेवचिवडा खाल्ला. एकीने तर गारगोटी जिभेने ओली करून पाहिली, चमकते का म्हणून. शी गं बाई! खाणीतला उघड्यावरचा दगड तो, त्यावर कुत्रं काय करून गेलं असेल ते देव जाणे.

पण बोलणार कोणाला? ही सहल त्यांच्याच पोटच्या पोराची, चंदनची होती. मोबाइलवर जाहिरात टाकून तो दर रविवारी माणसं गोळा करायचा. सकाळी खाणीत गारगोट्या शोधायच्या, दुपारी गिरणेच्या रेतीतून सोनं गाळायचं, आणि मधे वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी. भरीत आईच्या हातचं. प्रमिलाबाई मात्र आज भरतासाठी आल्या नव्हत्या.

त्यांचे यजमान चुडामण, ज्यांना अख्खं गाव नाना म्हणायचं, पोळ्याच्या आधी गेले. बायामाणसं काही मयताबरोबर नदीवर जात नाहीत. प्रमिलाबाईंनी उंबऱ्यापर्यंतच नवऱ्याला पोचवलं. उचलण्याआधी आपल्या मंगळपोतीतला एक सोन्याचा मणी तोडून त्यांनी नानांच्या तोंडात तुळशीच्या पानाखाली ठेवला होता. रिकाम्या तोंडाने माणसाला पाठवू नये, अशी घरची रीत. तिसऱ्या दिवशी चंदनने राख सावडली. "खोल डोहात सोडली माय, मधल्या धारेत," असं घरी येऊन सांगितलं. ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी, हात जोडावेत, एवढंच त्यांच्या मनात होतं. चंदनला काही वेळ मिळत नव्हता. शेवटी या रविवारी त्या हट्टाला पेटल्या आणि पदराच्या गाठीला चार झेंडूची फुलं बांधून बसमध्ये चढल्या.

"नानाले कोठे सोडं रे? माले दखाड," त्यांनी खाणीतच विचारलं.

"दाखवतो माय, नदीवर गेल्यावर."

नदीवर आल्यावर म्हणाला, जेवणं होऊ दे. जेवणं झाली, माणसांनी भरताची बोटं चाटून चाटून पुसली, तेव्हा म्हणाला, आधी पाहुण्यांचं होऊ दे.  फुलं प्रमिलाबाईंच्या पदरात कोमेजत होती. बस केळीच्या बागांमधून, कधी न पाहिलेल्या वाटेने आली होती, त्यामुळे नदीचा हा कुठला काठ तेही त्यांना कळत नव्हतं.

चंदनने सगळ्यांना लाकडी काठवटी वाटल्या. काठवटीत रेती घ्यायची, पाण्यात धरून गोल फिरवायची, हलकं ते वाहून जातं, जड ते तळाशी राहतं. तो असा काही रंगात आला होता की ज्याचं नाव ते.

"काळी रेती दिसली की समजायचं, सोनं जवळ आहे! मागच्या रविवारी दोघांना सापडलं. हसू नका, खरं सांगतो!"

लगेच सगळी वरात फतकल मारून पाण्यात बसली. कोणी रेतीचा वास घेतंय, कोणी काठवटीतलं गढूळ पाणी मुलांच्या अंगावर उडवतंय. एक बाई तर त्याच पाण्याने तोंड धुऊन ताजीतवानी झाली.  

प्रमिलाबाईंनी सहज वाकून चिमूटभर काळी रेती उचलली. बोटांत चुरली तर ती रेती नव्हतीच. बोटं काळी झाली. जन्म चुलीपुढे गेलेल्या बाईला कोळसा ओळखायला कितीसा वेळ लागतो? त्या बघत राहिल्या. पाण्याच्या कडेला अर्धं जळलेलं लाकूड पडलं होतं. बाभळीच्या काट्याला पांढऱ्या कापडाची चिंधी अडकली होती. खाली फुटक्या मडक्याच्या खापऱ्या. आणि बाभळीच्या पलीकडे, थोडं वर, पत्र्याचं छप्पर आणि चार लोखंडी खांब.

 उभ्या होत्या तिथून त्यांना पाय उचलवेना आणि ठेववेनाही.

"सापडलं! पप्पा, सापडलं!"

ही त्यांची नात, ऋतिका. तिच्या चिमुकल्या तळहातावर एक बारीक पिवळा मणी होता, आगीत वाकडा झालेला. मग काय विचारता! जो तो धावला. सून मोनालीने फोटो काढले. पाचोऱ्यात खत-बियाण्यांचं दुकान असलेल्या धनसिंगभाऊंनी तर तज्ज्ञाचा आव आणून मणी उचलला, पँटला पुसला आणि दाढेखाली धरून चावून पाहिला.

"अस्सल आहे!" ते ओरडले. टाळ्या पडल्या.

चंदनही टाळ्या वाजवत होता. प्रमिलाबाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"चंदन, नानाले कोठे सोडं?"

"माय, आत्ता नको ना."

"कोठे सोडं?"

 चंदनची नजर आपोआप खाली गेली, पायाजवळच्या पाण्याकडे. घोटाभर पाणी. डोह नाही, धार नाही, काही नाही.

"ऐक ना," तो आवाज खाली आणून म्हणाला, "मी सोडली आणि मागे फिरलो, तर दोन जण काठवटी घेऊन उतरले. इथे हे चालतंच. आपण नाही काढलं तर दुसरं कोणीतरी काढतं. आणि हा मणी नानांचाच कशावरून?"

"त्या दोन जन नानानी राख गाळी राहिंतात," प्रमिलाबाई सावकाश म्हणाल्या, "आनि तू दखत राहिना?"

चंदनने मान वळवली. म्हणजे बघत राहिला होता. हाकललं नाही, दगड मारला नाही. उभा राहून शिकला होता मेला! बापाच्या राखेवर शिकला आणि वर पाहुण्यांसाठी आईच्याच हातचं भरीत नेत राहिला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती प्रमिलाबाईंना त्या थंड पाण्यातही गेली. एवढी किळस त्यांना जन्मात कशाची आली नव्हती, आणि ती आली ती पोटच्या पोराची.

"तुना बापना नही व्हई," त्या म्हणाल्या. "कोनातरी बापना तं शे ना?"

मग त्या धनसिंगभाऊंकडे वळल्या. ते अजून मणी चिमटीत धरून फोटोसाठी हसत होते.

"भाऊ, पहिले चूळ भरी ल्या."

"का हो अक्का?"

"मढाना तोंडमातला मनी शे हाऊ. वर दखा, मसनवट शे."

आधी कोणाला कळलंच नाही. मग सगळ्यांच्या माना बाभळीकडे वळल्या. धनसिंगभाऊंनी मणी फेकला, पाण्याची ओंजळ तोंडाला लावली आणि ते पाणी कुठलं ते आठवताच तिथेच भडाभडा ओकले. तोंड धुतलेली बाई साडीने गाल खरवडत सुटली. मोनालीने ऋतिकाला काखोटीला मारलं आणि सॅनिटायझरची बाटली तिच्या हातांवर रिकामी केली. पोर भोकाड पसरून आपला मणी मागत होती. काठवटी तिथेच टाकून माणसं बसकडे पळाली आणि जाता जाता चंदनच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेली.

प्रमिलाबाईंनी रेतीत पडलेला मणी शोधला. साडी सावरून त्या आत चालत गेल्या, पाणी कमरेला लागेपर्यंत, जिथे खरोखर धार होती. मणी सोडला. पदराची गाठ सोडून फुलंही सोडली. हात जोडले.

परत आल्या तेव्हा चंदन एकटाच काठवटी गोळा करत होता. एकात एक नीट रचून ठेवत होता, पुढच्या वेळेला लागतील म्हणून.

प्रमिलाबाईंनी ते पाहिलं. भरताचं रिकामं पातेलं उचलून त्या त्याच्याजवळ थांबल्या.

"चंदन, मी मरसू तवय मना तोंडमा काहीच घालू नको," त्या म्हणाल्या. "तुले परत गाळनं पडी."