बहुतेक्याचं बोलणं

साबणाच्या कारखान्यात त्याला सगळे बहुतेक्या म्हणत. "जेवलास का?" विचारलं तरी "बहुतेक" म्हणणारा माणूस, दुसरं काय म्हणणार! पाळी बदलताना काय झालं, काय राहिलं हे पुढच्या माणसाला तोंडी सांगायची तिथली पद्धत. बहुतेक्या हात धुता धुता नळाकडे बघत पुटपुटायचा, "टाकीची वाफ बंद केलीय... बहुतेक." पुढचा माणूस कपाळावर हात मारून घ्यायचा, दोन शिव्या हासडायचा आणि स्वतः जाऊन व्हॉल्व्हचं चाक फिरवून बघायचा, मगच साफसफाईला टाकीत उतरायचा. त्या खात्यात कधी कुणाला साधा चटका बसला नव्हता. का बसला नव्हता, हा विचार मात्र कुणी केला नाही.

पुढचा माणूस म्हणजे त्याचे भावोजी. आई गेल्यापासून बहुतेक्या ताईकडेच राहत होता. दोघा मेहुण्यांचं गूळपीठ असं की जेवायचं ताटसुद्धा एकच.

सुपरवायझरची जागा रिकामी झाली तेव्हा मॅनेजर बहुतेक्याला म्हणाले, "काम तुम्हाला येतं, बोलता येत नाही. बोलायला शिका, जागा तुमची." ताईने ते मनावर घेतलं. आपल्या भावाला कुणीतरी एकदा साहेब म्हणावं, एवढीच तिची हौस.

कंपनीने एक प्रशिक्षक आणला. इस्त्रीचा शर्ट, इस्त्रीचं बोलणं. पी हळद आणि हो गोरी, असा एकूण कारभार. तो म्हणाला, "मला वाटतं, कदाचित, बहुतेक, हे शब्द कचऱ्यात टाका. तुमचा तुमच्यावर विश्वास नसेल तर दुसऱ्याने का ठेवावा?" ह्या बाबाने उभ्या आयुष्यात कधी टाकीत डोकावून पाहिलं नसेल. पण टाळ्या पडल्या.

रोज संध्याकाळी रात्रपाळीला निघण्याआधी बहुतेक्या ताईच्या स्वयंपाकघरात भिंतीला पाठ टेकून भाषण करायचा. भावोजी जमिनीवर आडवे होऊन ओरडायचे, "साहेब, मागच्यांना ऐकू येत नाही!" ताई हसून हसून बेजार व्हायची. हळूहळू मान वर झाली, आवाज सुटला. पोरगा खरंच शिकला.

परीक्षा पाळीबदलाच्या वेळीच ठेवली होती. मॅनेजर आणि प्रशिक्षक बाजूला उभे राहिले. त्या दिवशी चाक फिरवताना मध्येच जड गेलं होतं. शेवटपर्यंत बसलं की अडकलं, हे बहुतेक्याला नीट कळलं नव्हतं. तो शब्द ओठांवर आला. त्याने प्रशिक्षकाकडे पाहिलं आणि शब्द गिळला.

"टाकीची वाफ बंद आहे. टाकी साफ करायला तयार आहे."

"वा रे पठ्ठ्या!" भावोजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि थेट शिडीकडे गेले. साहेबलोकांसमोर मेहुण्याचा शब्द पडताळून बघणं त्यांना बरं दिसलं नाही.

प्रशिक्षक बहुतेक्याचा हात हातात घेऊन अभिनंदन करत असतानाच अर्धवट बसलेल्या व्हॉल्व्हमधून आत वाफ सुटली. टाकीतली किंकाळी सगळ्यांनी ऐकली. बाहेर काढलं तेव्हा भावोजींकडे बघवत नव्हतं.

मॅनेजरनी घाम पुसला. मग म्हणाले, "घरी सांगायला हवं. बहीण तुमचीच आहे. आणि तुम्हाला आता बोलता येतं."

ताई दारातच कपडे वाळत घालत होती. वाटेत बहुतेक्याने देवाकडे एकच मागितलं होतं, की आपली जीभ अडखळावी. ती अडखळली नाही.

"ताई, भावोजी गेले. टाकीत वाफ सुटली."

तिच्या हातात भावोजींचाच शर्ट होता. तिने तो दोरीवर नीट पसरला. मग म्हणाली, "असं कसं? ते तर चाक बघितल्याशिवाय उतरत नाहीत."

"आज बघितलं नाही."

"का?"

"वाफ बंद आहे, असं मी सांगितलं."

आवाज इतका स्वच्छ होता की शेजारची दोन दारं उघडली. ताई आत गेली आणि तिने कडी लावून घेतली. त्याला जायला दुसरं घर नव्हतं.