चावट प्रश्न

"बाई, पण आकर्षण होतं कशामुळे?"

आठवीचा वर्ग फिस्सकन हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी शिट्टी मारली आणि माझं डोकंच फिरलं. गुरुत्वाकर्षणाचा धडा चाललेला, आणि या पोरीला हे सुचतंय! सव्वीस वर्षं विज्ञान शिकवतेय, असले चावट प्रश्न मला कळत नाहीत होय? "फार शिंगं फुटलीत! उद्या वडिलांना घेऊन ये," म्हणत मी तिला वर्गाबाहेर उभं केलं. बाकीच्यांना सूत्र दहादा लिहायला लावलं.

दुसऱ्या दिवशी वडील शिक्षकखोलीत आले. गवंडी होते, कामावरून तसेच आलेले. खुर्ची दिली तरी उभेच राहिले. मुलगी त्यांच्या मागे.

"चूक माझी आहे बाई," ते म्हणाले. "रविवारी ही माझ्या कामावर आली होती. भिंत सरळ आहे का बघायला मी ओळंबा सोडला, तर म्हणाली, बाबा, हा खालीच का जातो? म्हटलं, जमीन ओढते. तर म्हणे, कशाने ओढते? दोरी तर वर तुमच्या हातात आहे! आता मला काय कळतंय त्यातलं? म्हटलं, बाईंना विचार, त्यांना सगळं माहीत असतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीने धड्यातलाच शब्द वापरला होता, घाण माझ्या मनात होती. आणि उत्तर? किती जोराने ओढते ते मी झोपेतही सांगेन. पण का ओढते? मेलं, इतक्या वर्षांत हा प्रश्न मला स्वतःला कधी पडलाच नव्हता. 'तो गुणधर्मच आहे' म्हणायचं आणि फळा पुसायचा.

'मला माहीत नाही गं.' चार शब्द. तिथल्या तिथे म्हणायला हवे होते. पण शेजारच्या टेबलाशी दोन शिक्षिका वह्या तपासायच्या सोडून कान टवकारून बसल्या होत्या.

"माफी माग बाईंची," वडिलांनी तिला पुढे केलं.

"चुकलं, बाई," ती खाली बघत म्हणाली. "पुन्हा नाही विचारणार."

"बरं. जा, वर्गात बस."

ती गेली. वडिलांनी वाकून आपल्या चपलांवरून फरशीवर सांडलेली सिमेंटची पूड रुमालाने टिपून घेतली, आणि "उपकार झाले, बाई," म्हणाले.