तंबू माझ्याकडे आहे

दोन बोटांच्या चिमटीत धरून नवऱ्याने तिची सॅक वर उचलली आणि जेवायला बसलेल्या सगळ्यांना दाखवली.

"बघा. एक स्वेटर, पाण्याची बाटली आणि गोळ्यांची डबी. बाकीचा सगळा संसार या गड्याच्या पाठीवर!"

लोक हसले. डोंगरातल्या त्या मुक्कामाच्या घरात एकच लांब टेबल होतं. लांबच्या वाटेवरचे सगळे तिथेच जेवत, त्यामुळे एकाने काही सांगितलं की ते सगळ्यांनी ऐकायचं असे. समोर एक नवं लग्न झालेलं जोडपं बसलं होतं. त्यातला तरुण म्हणाला, "काकू, नशीब काढलंत हं तुम्ही."

"हिचा मणका सरकलाय ना," पावाचा तुकडा सूपमध्ये बुडवत नवरा म्हणाला. "गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडली ती उठेचना. लहान बाळासारखी उचलून आणली मी. दीड महिना हाताने भरवत होतो. डॉक्टर म्हणाले..."

"पुरे," ती म्हणाली.

"अगं, चांगलंच सांगतोय ना!"

तिने चमचा खाली ठेवला. दर मुक्कामाला या गोष्टीत थोडी भर पडत होती. पहिल्या मुक्कामी त्याने तिला पलंगापर्यंत आणलं होतं, आज बहुधा जिनाही चढून झाला असता.

उभा जन्म तिने हॉस्पिटलात नर्स म्हणून काढला होता. गल्लीतली माणसंसुद्धा तिला सिस्टर म्हणूनच हाक मारत. प्लास्टरमधले धिप्पाड पुरुष कुशीवर वळवणं, खाटेवरून ट्रॉलीवर घेणं, याच्यातच पाठ गेली. वॉर्डात नवी मुलगी आली की ती पहिल्याच दिवशी तिला बजावायची, पेशंटच्या उशाशी उभं राहून पेशंटबद्दल बोलायचं नाही. बोलायचं तर पेशंटशी बोलायचं. आणि आज तीच टेबलावर मांडली गेली होती, मीठ-मिऱ्याच्या डब्यांशेजारी.

या वाटेने चालायची कल्पना तिचीच होती. पाठ गेल्यावर हॉस्पिटलने तिला केसपेपर लावायची बसून करायची नोकरी देऊ केली. तिने राजीनामा दिला. चालायला हरकत नाही आणि कमरेवर पेलेल एवढं थोडं ओझंही चालेल, असं व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली होती. मुलगी मात्र फोनवर ओरडली होती, "आई, हा हट्ट कशासाठी?" नवऱ्याने तेव्हा तिची बाजू घेतली. तो सुतार. कपाटं, टेबलं, पाळणे करणारा. त्याने एकेक वस्तू काट्यावर तोलली, दोघांच्या टूथब्रशांचे दांडे करवतीने निम्मे कापले आणि मग सगळं स्वतःच्या सॅकमध्ये भरलं. ती काही मागायला गेली की म्हणे, "बघू."

तंबू त्याच्याकडे होता, म्हणून कुठे थांबायचं ते तो ठरवी. शेगडी त्याच्याकडे होती, म्हणून चहा कधी करायचा तेही. चालतानाही तो कायम तिच्या मागे. तोल गेला तर धरता यावं म्हणून.

जेवणं झाल्यावर खोलीत ती म्हणाली, "उद्यापासून तंबू मी घेणार."

"बघू."

"बघू नाही. द्या."

त्याने सॅकचा पट्टा उगाचच आवळला. "आणि पुन्हा तसं झालं तर?"

"झालं तर झालं. पाठ माझी आहे."

"पाठ तुझी आहे गं," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "पण त्या दिवशी बाथरूमचं दार मी उघडलं होतं."

तो लगेच दिवा मालवून भिंतीकडे तोंड करून पडला.

सकाळी तो तोंड धुवायला अंगणातल्या नळावर गेला, तेव्हा तिने त्याची सॅक उघडली. तंबूचं कापड, खांब, खुंट्या, सगळं काढलं. जड वस्तू पाठीलगत ठेवली, हलकी बाहेरच्या बाजूला, आणि कमरेचा पट्टा हाडावर बसेल असा करकचून बांधला. उभी राहिली. ओझं जाणवलं. बरं वाटलं.

नळापाशी तो फेसाने भरलेल्या तोंडाने वळला. तिच्या फुगलेल्या सॅककडे बघून त्याचे डोळे मोठे झाले, पण ब्रशचा दांडा इतका आखूड होता की बोटं तोंडातच अडकलेली.

"मी निघाले," ती म्हणाली. "तंबू माझ्याकडे आहे. खिंडीपलीकडे तळं आहे ना, तिथे लावते. सावकाश या."

तो थुंकून काही बोलेपर्यंत ती फाटकाबाहेर पडली होती.

दगडांवर पिवळे पट्टे मारलेली वाट चढत गेली. तासाभरात तो मागून गाठेल असं तिने धरलं होतं. काय काय बोलेल आणि आपण काय उत्तर द्यायचं, तेही ठरवून ठेवलं होतं. तो आला नाही. रुसला असेल. रुसू दे.

चढ संपता संपता तिच्या उजव्या पोटरीत कळ गेली. तिने सॅक उतरवली, सपाट कातळ बघितला आणि गुडघे दुमडून उताणी झाली. आभाळ स्वच्छ होतं. मागून पावलं वाजली. रात्रीचं जोडपं.

"अगं बाई, काकू!" तरुणी धावली. "काका कुठेत? थांबा, हाक मारते!"

"कोणाला हाक मारू नकोस. मी आडवी झालेय, पडलेली नाही."

"पण दुखतंय ना?"

"दुखतंय. पुढे चला तुम्ही."

ती दोघं मागे बघत बघत गेली. कळ ओसरली तशी ती उठली, पट्टा पुन्हा आवळला आणि चालू लागली. खिंड ओलांडताना घामाने कपडे अंगाला चिकटले होते, आणि ती स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती.

तळ्याकाठी तंबू लावायला तिला बराच वेळ लागला. वाकायचं नसल्याने प्रत्येक खुंटी तिने गुडघ्यांवर बसून ठोकली. जोडपं मदतीला आलं, तिला हातानेच नको म्हणावं लागलं. मग ती तंबूशेजारी बसून खिंडीकडे बघत राहिली.

उन्हं कलता कलता खिंडीत एक माणूस दिसला. आधी तिला वाटलं, कोणी म्हातारा आहे. तो उतारावर तिरका तिरका येत होता, डावा पाय जरा ओढत, दर चार पावलांनी मांडीवर हात टेकत. सॅकवरून तिने ओळखलं. इतके दिवस तो मागे असायचा. समोरून चालत येताना ती त्याला आज पहिल्यांदा बघत होती. असे चालणारे पेशंट तिने आयुष्यभर पाहिले होते. हे दुखणं आजचं नव्हतं.

तो जवळ आला, तंबूभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "उलटा लावलायस. दार वाऱ्याकडे आलंय."

"दार तळ्याकडे आलंय. मला तळं बघायचं होतं." ती उठली. "कधीपासून दुखतंय?"

"काय दुखतंय?"

"बूट काढून दाखवा बरं."

तो वाकायला गेला, अर्ध्यावर थांबला आणि तसाच सरळ झाला.

"दुसऱ्या दिवसापासून," तो तळ्याकडे बघत म्हणाला. "डाव्या पायाला मुंग्या येतात. मांडीपर्यंत."

"आणि सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तू परत फिरवलं असतंस. एवढ्या सगळ्यांशी भांडून तू निघालीस, आणि माझ्या पाठीपायी मागे जायचं?"

तिला राग आला, आणि रागाच्या मागोमाग जे आलं ते तिने गिळून टाकलं.

"म्हणजे माझी पाठ गावभर आणि तुमची गुलदस्त्यात! वा!"

त्याला हसू फुटलं. हसताना कळ आली तसा तो कमरेवर हात देऊन कळवळला. तिने कॅरीमॅट अंथरली, त्याला निजवलं, गुडघ्यांखाली स्लीपिंग बॅगचं बोचकं सारलं. एवढ्यात जोडप्यातला तरुण येऊन ठेपला.

"काकू, काय झालं काकांना?"

ती काही बोलणार, तोच थांबली. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आणि ऐकणारा उत्सुक होता.

"त्यांना विचार," ती म्हणाली. "शुद्धीत आहेत."

नवरा आभाळाकडे बघत होता. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "पाठ धरलीय," शेवटी तो म्हणाला. "बरेच दिवस झाले."

"मग आमच्याबरोबर उद्या खाली उतरा. पलीकडच्या अंगाला गाडीरस्ता आहे. सामान मी घेतो दोघांचं."

नवऱ्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती दोन्ही सॅक गवतावर उपड्या करत होती. तिने वर बघितलं नाही.

"उतरायचं नाही," तो म्हणाला. आवाज जरा चिरकला, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं, "नाही उतरणार आम्ही. जमेल तेवढं चालू. नाही जमलं तर बसू."

तरुण खांदे उडवून गेला.

ती वस्तूंचे ढीग लावत होती. जास्तीचं पातेलं बाजूला. त्याचा दुसरा जाड कोट बाजूला. मग तिच्या हाताला घडीचं एक लाकडी स्टूल लागलं, त्याच्याच हातचं. दर थांब्यावर तो ते उघडून तिच्यापुढे ठेवायचा. ते म्हणजे इतकं ओझं त्याच्या पाठीवर, हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"ते तुझ्यासाठी केलं होतं," तो पडल्या पडल्या म्हणाला.

"माहीत आहे."

तिने कडेवरून हात फिरवला. कुठे कुसळ नव्हतं, कोपरे गोल घासलेले. मग तिने ते उघडलं, तळ्याकाठी नेऊन सपाट जागेवर ठेवलं आणि परत आली. तो मान वळवून स्टुलाकडे बघत होता.

"बसेल कोणी येणारा-जाणारा," तो म्हणाला.

ढीग दोन झाले. एका बाजूला तंबूचे खांब, दुसरीकडे कापड. शिध्याच्या पिशव्या वाटल्या गेल्या. तिने मनातल्या मनात तोलून एक पिशवी इकडून तिकडे केली, पुन्हा तिकडून इकडे केली.

"माझं किती झालं?" त्याने विचारलं.

"माझ्याएवढंच."

"तू आज कातळावर आडवी पडली होतीस म्हणे. इकडे येताना ती मुलगी भेटली, तिने सांगितलं."

"आडवी झाले होते. मग उठले."

पाणी आणायला ती तळ्याकडे निघाली. मागे गवत किंचित सळसळलं. निजल्या जागेवरून हात लांब करून तो गॅसचा डबा हळूच आपल्या ढिगाकडे ओढत होता.

"ठेवा तो जागेवर," ती पाठमोरी चालता चालता म्हणाली.