आईने धरलेली लाइन

त्या शनिवारी आई फोनवर होती आणि तिच्या हातात कॉम्प्युटरला वायफाय देणारं ते अंगठ्याएवढं यंत्र होतं. त्याचं नाव यूएसबी अडॅप्टर. आई त्याला ‘पाहुणा’ म्हणायची, कारण टेकतो न टेकतो तोच निघायची घाई.

“दिवा लागलाय का?” मी विचारलं.

“लागला. गेला. लागला. डोळे मारतोय मेला.”

“दुसऱ्या सॉकेटमध्ये घालून बघ.”

“सगळी सॉकेटं झाली. आता तुझ्या बाबांच्या नाकात घालायचं तेवढं उरलंय.”

“काय म्हणतेय ती?” मागून बाबांचा मोठा आवाज आला.

“तुमच्या नाकाची चौकशी करतेय!”

बाबांना आता ऐकू येत नाही. फोनचा त्यांना काही उपयोग नाही; मोठ्या पडद्यावर माझे ओठ दिसले, की मात्र ते शब्दन् शब्द टिपतात. कॉम्प्युटरचं इंटरनेट केबलचं सॉकेट जळाल्यापासून सगळी भिस्त या पाहुण्यावर होती. आईने त्याच्यावर स्वतःचा उपाय काढला होता. लांब वायर जोडायची, बाजूला उभं राहून पाहुणा कपाटाच्या उंचीवर धरायचा आणि जिथे वायर त्याला मिळते तिथे अंगठा दाबून ठेवायचा. तेवढा वेळ चित्र टिकायचं. त्यामुळे दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मला बाबा दिसत आणि त्यांच्या डोक्यावर, अगदी कडेला, आईचं मनगट. आई दिसत नसे. “माझ्यात काय बघायचंय? मी लाइन धरलीय, तुम्ही बोला.”

नोकरीभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने हेच केलं होतं. तिथली एक सवय घरीही टिकली होती. लाइन तोडण्याआधी ती विचारायचीच. त्या दिवशीही विचारलं.

“बोलणं झालं?”

“झालं,” मी नेहमीसारखं म्हणाले. “पाहुण्याचं उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही.

मी घरी आले. भेटायला येणारे येऊन गेले. माझी रजा संपत आली. बाबा माझ्याकडे यायला तयार नव्हते. “तू कामाला जाणार, आणि मी काय तुझ्या भिंतींचे ओठ वाचू?” म्हणजे जायच्या आत पाहुण्याला ताळ्यावर आणणं भाग होतं.

मी अडॅप्टर चालवणारं सॉफ्टवेअर, त्याचा ड्रायव्हर, काढून पुन्हा टाकला. वीज वाचवायला अडॅप्टरला झोपवणारी सेटिंग बंद केली. राउटर जवळच्या खिडकीत आणून ठेवला. नवा पाहुणा विकत आणला. तो जुन्यापेक्षा उतावळा निघाला. जोडाला चिकटपट्टी लावली, रबरबँड लावलं, शेवटी आईची केसांची पिन लावली. चित्र यायचं आणि एक वाक्य पुरं व्हायच्या आत गोठायचं.

दुरुस्तीवाल्याने कॉम्प्युटर उघडून पाहिला. “ताई, यंत्राला नका बोल लावू. आतला बोर्डच कामातून चाललाय. सोन्याचं यंत्र आणलंत तरी हेच होणार. नवीन कॉम्प्युटर घ्या.”

मी बाबांसमोर बसून ओठ सावकाश हलवत ते सांगितलं.

“हा बदलायचा नाही,” ते म्हणाले. “हिचा आहे.”

“मग माझा लॅपटॉप ठेवून जाते.”

“त्याला हिचा हात लागलाय का कधी?”

“बाबा, मग आपण बोलणार कसं?”

“मी धरीन.”

दुपारी आम्ही करून पाहिलं. ते आत कॉम्प्युटरपाशी, मी बाहेरच्या खोलीत मोबाइल घेऊन, मधलं दार लोटलेलं. चित्र आलं. पडद्यावर शर्टाची बटणं होती. पाहुणा तेवढा उंच धरायचा तर उभं राहावं लागत होतं, आणि उभं राहिलं की त्यांचा चेहरा पडद्याबाहेर जात होता, माझे ओठ त्यांच्या नजरेबाहेर.

“दिसतोय का मी?” भिंतीपलीकडून हाक आली. लगेच तीच मोबाइलमधून.

“बसा, बाबा,” मी म्हणाले. ते त्यांना कळायला वाट नव्हती.

ते आपणहून खाली बसले. हात खाली आला, आणि त्यांचा चेहरा अर्धवट उघड्या तोंडाने गोठला. ते पुन्हा उठले. पुन्हा बटणं. हे दोघांचं काम होतं. एकाने धरायचं, दुसऱ्याने बोलायचं. वायर एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली, म्हणजे त्यांनी हात बदलला असणार.

मग बटणंही गोठली. आत खुर्ची सरकली. पडद्यावर त्यांना काय दिसत होतं कोण जाणे, पण त्यांनी विचारलं, तिच्याच शब्दांत, तिच्यासारखाच शेवट लांबवत,

“बोलणं झालं?”

उठून, दार ढकलून, त्यांच्यासमोर उभं राहायला हवं होतं. मी मोबाइलवरच्या गोठलेल्या बटणांकडे बघत बसले.

“नाही,” मी त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाले. “नाही झालं, आई. लाइन तोडू नकोस.”